शेताची खतावणी

पेढीवर दिवस मावळला की रोजमेळ जुळवावा लागतो. शेताचाही असा रोजमेळ असतो. मात्र तो हवेत लिहिला जातो. दिवसा पीक हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते, ही जमा. पीक आणि माती श्वसनावाटे त्यातील बराचसा परत सोडतात, हा खर्च. धान्य व पेंढा शेताबाहेर गेला की त्यांतील कार्बनही गेला. शिवाय पानांच्या ज्या सूक्ष्म रंध्रांतून कार्बन आत येतो, त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर पडते. कार्बन मिळवायचा, तर किंमत पाण्यात मोजावी लागते.

हा हिशेब मांडण्यासाठी संशोधक मनोरा उभारतात. त्यावरील यंत्रे वाऱ्याचे वर-खाली जाणारे झोत आणि त्यांतील कार्बन व वाफ यांचे प्रमाण सेकंदाला 10 ते 20 वेळा टिपतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने काझीरंगाच्या अरण्यात असे मापन केले आहे. शेतांवरील अशाच मापनातून जगभर पीएच.डी.चे प्रबंध सिद्ध होतात.

सिंधुदुर्गातील नांदगावसारख्या गावांना या हिशेबाचे मोल अधिक आहे. जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी जांभ्या दगडाच्या भूमीत पाणी ठरत नाही आणि उन्हाळ्यात अनेक विहिरी तळ गाठतात. कोकणात रोपांसाठी राब भाजण्याची जुनी रीत आहे. त्यात पाचोळ्यातील कार्बन क्षणात हवेत जातो, आणि त्यातील असंख्य सूक्ष्म जीवही जळतात. चिखलणीनंतर साचलेल्या पाण्याखाली, हवेवाचून राहिलेल्या मातीत मिथेन तयार होतो.

रायगड जिल्ह्यातील नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राईस तंत्र’ विकसित केले. त्यात कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकतात. चिखलणी आणि लावणी नसते, पुढील पिकासाठी नांगरणी होत नाही आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. अशा पद्धतीने माती किती कार्बन राखते, हे प्रत्येक जमिनीत मोजूनच ठरते.

येथेच कोकणातील संशोधकाची कसोटी आहे. भाताचे 4 महिने म्हणजे मुसळधार पाऊस. आणि काही यंत्रांच्या भिंगांवर थेंब साचले की नोंदी बिघडतात. जी पाने सर्वांत महत्त्वाची, तीच कोरी राहतात व अनुमानाने भरावी लागतात.

आज कार्बनचेही श्रेयपत्र होऊन त्याची खरेदी-विक्री चालते. माल न तोलता हुंडी स्वीकारणारा व्यापारी शहाणा ठरत नाही. हे श्रेय घेणाऱ्याने प्रथम विचारावे : मापन कोणी केले, किती वर्षे केले, आणि पावसाळ्यातील कोरी पाने कशी भरली?