उरलेल्या लोकरीचं नको

आमच्या बेळगावकडच्या बायकांच्या हातांना विणकाम नवीन नाही. घरात बाळ यायचं असलं की टोपी-मोजे तयार. जावयाला स्वेटर, सासऱ्यांना मफलर. आणि पौषातल्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पाणी तापवणारी बाई स्वतः काय घालते? मुलानं टाकून दिलेलं जर्किन, नाहीतर मालकांचा कोपरावर विरलेला स्वेटर. हे मी आपल्याच समाजात घरोघरी बघते, आणि मला त्याचा राग येतो.

याला कुणी त्याग म्हणू नये. कुणी म्हणतं, "आपण अपरिग्रह मानणारी माणसं, स्वतःसाठी हौस कशाला?" अहो, अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा जास्त न साठवणं, कुडकुडणं नव्हे. एकदा नेसून कपाटात ठेवलेले शालू परिग्रहात धरायचे नाहीत, आणि रोज अंगावर झिजणारा एकच स्वेटर तेवढा धरायचा, हा कुठला हिशेब?

"तयार मिळतो की बाजारात!" मिळतो की. लुधियानाचा माल दिसायला छानही असतो. पण साडीवर स्वेटर घालून दिवसभर राबणारी बाई तो करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नसते. डोक्यातून घालायचा असला की अंबाडा विस्कटतो, पदर चुरगळतो. लांब बाह्या भांडी घासताना भिजतात. खिसा असलाच तर त्यात किल्ल्याही मावत नाहीत.

"या वयात कुणाला दाखवायचाय?" दाखवायचा नाहीच. थंडी वय विचारून वाजते का?

रोजचा स्वेटर पुढून उघडा हवा, बटणं मोठी, बाही कोपराखाली चार बोटांवर संपणारी, खिसे दोन आणि खोल. अंगाला सैल. छाती 36 इंच असेल तर स्वेटर 40 चा धरा. मध्यम जाडीच्या लोकरीचे 8 नंबरच्या सुयांवर इंचाला साधारण साडेपाच टाके बसतात, म्हणजे पाठीला 110. पण हात प्रत्येकीचा वेगळा, म्हणून आधी चार इंचांचा तुकडा विणून टाके मोजा. काठ 10 नंबरच्या सुयांवर, दोन सुलट दोन उलट. लोकर अर्धा किलोच्या आसपास लागेल. ती एकदम आणि एकाच लॉटची घ्या, मागाहून आणलेल्या लोकरीचा रंग जुळेलच असं नाही. मेंढीची लोकर मनाला पटत नसेल तर अॅक्रिलिक आहेच.

खरी अडचण टाक्यांची नाहीच. मुलाच्या छातीचं, जावयाच्या बाहीचं माप आपल्याला तोंडपाठ. स्वतःचं विचारलं तर ते टेलरला ठाऊक! शेवटी उरलं तर आपल्याला, हे शिळ्या भाकरीपासून लोकरीपर्यंत आपण चालवत आलो. सून बघते, नात बघते, आणि न सांगता तेच शिकते.

म्हणून बायांनो, उरलेल्या गुंड्यांचे रंगीबेरंगी पट्टे जोडून स्वतःचं भागवणं बंद करा. तुमच्या स्वेटरातून जी लोकर उरेल, ती नातवाच्या टोपीला पुरते. दिवाळी झाली की टेप घ्या, आधी स्वतःचं माप घ्या, आणि यंदाचे पहिले टाके स्वतःसाठी घाला.