चिंतेची गोळी एकदम बंद करू नका: नियम कडक होत असताना रुग्णांनी काय समजून घ्यावे

"डॉक्टर, नेहमीच्या मेडिकलवाल्याने या वेळी आईची झोपेची गोळी दिली नाही. नवीन चिठ्ठी आणा म्हणाला. तीन दिवस झाले. आईचे हात थरथरतात, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि ती सारखी म्हणते की मला वेड लागणार."

असे फोन मानसोपचारतज्ज्ञांना नवीन नाहीत. कधी दुकानातून गोळी मिळत नाही. कधी मुलगा एखादी बातमी वाचतो आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप कचऱ्यात टाकतो. कधी रुग्ण स्वतःच 'आता पुरे' म्हणून एका रात्रीत गोळी सोडतो. कारण कोणतेही असो, पुढचा त्रास सारखाच असतो.

या गोळ्यांवर नियंत्रण हवेच, याबद्दल दुमत नाही. पण जी व्यक्ती ही गोळी कित्येक महिने किंवा वर्षे रोज घेत आहे, तिच्यासाठी ती अचानक बंद होणे हा गोळी सुरू राहण्यापेक्षाही मोठा धोका ठरू शकतो. नियम, बातम्या आणि इशारे यांच्या गदारोळात नेमकी हीच गोष्ट मागे पडते.

आपली गोळी यात येते का?

आपण बोलत आहोत ते बेन्झोडायझेपिन गटातील औषधांबद्दल. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम ही त्यातली आपल्याकडे नेहमी दिली जाणारी नावे. घरोघरी यांना 'झोपेची गोळी', 'टेन्शनची गोळी' किंवा नुसतेच 'बारीक गोळी' म्हणतात.

अनेकांना आपण हे औषध घेतो हेच माहीत नसते. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र मिळतात. नैराश्यासाठी दिलेल्या एस्सिटालोप्रामच्या गोळीत क्लोनाझेपाम असू शकते. पोटदुखी आणि ॲसिडिटीसाठी दिलेल्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असते. 'ही तर पोटाची गोळी' असे समजून ती वर्षभर घेतली आणि एक दिवस थांबवली, तर होणाऱ्या घबराटीचे कारण कुणालाच कळत नाही. म्हणून आज एवढे करा: स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेली औषधांची मूळ नावे वाचा. वाचता येत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

नियम कुठे आणि का कडक झाले?

भारतात मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू आहे. अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड आणि नायट्राझेपाम या यादीत आहेत. अशा औषधाच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. विक्रेत्याला वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची मात्रा लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही या गटातील अनेक औषधांचा समावेश आहे. त्यामुळे चिठ्ठीशिवाय विक्री करणे दुकानदारासाठी साधी चूक राहत नाही.

याला कारणही आहे. मालेगाव परिसरात 'कुत्ता गोळी' या नावाने नशेसाठी विकल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमच्या गोळ्यांवर पोलिसांनी वेळोवेळी कारवाया केल्या आहेत. या गोळ्या तरुणांच्या हाती पडून घरे उद्ध्वस्त होतात. तेव्हा विक्रीवर लक्ष ठेवणे योग्यच.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सप्टेंबर २०२० मध्ये या संपूर्ण गटासाठी सर्वांत कडक प्रकारचा इशारा बंधनकारक केला. गैरवापर आणि व्यसन यांच्याबरोबर त्यात आणखी दोन गोष्टी होत्या: शरीराला औषधाची सवय लागणे आणि ते सोडताना होणारा, क्वचित जिवावर बेतणारा त्रास, म्हणजेच विथड्रॉवल. इशाऱ्याचा पहिला भाग सगळ्यांनी ऐकला, दुसरा फार थोड्यांनी.

एकदम सोडल्यावर शरीरात काय होते?

मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन असते. ते मेंदूच्या धावपळीला ब्रेक लावते. बेन्झोडायझेपिन या ब्रेकचा जोर वाढवते, म्हणून भीती ओसरते आणि झोप लागते. पण औषध रोज मिळू लागले की मेंदू स्वतःचा ब्रेक हळूहळू सैल करतो. गोळी एकदम थांबली की बाहेरून मिळणारा जोर जातो आणि स्वतःचा ब्रेक तर आधीच सैल झालेला असतो.

मग छातीत धडधड, घाम, हातांना कंप, झोप उडणे, चिडचिड, मळमळ, स्नायू दुखणे किंवा उडणे, अंगात मुंग्या येणे, आवाज आणि उजेड सहन न होणे असे त्रास सुरू होतात. काहींना आजूबाजूचे जग खोटे वाटू लागते. मोठा डोस एकदम थांबला तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो.

अल्प्राझोलम किंवा लोराझेपाम शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. डायझेपाम आणि क्लोनाझेपाम हळू निघतात. तिथे त्रास काही दिवसांनी, कधी आठवड्यानंतर दिसतो. 'चार दिवस काही झाले नाही, म्हणजे सुटली' असे समजण्याची घाई इथेच होते.

हे व्यसन आहे का? बहुतेकांच्या बाबतीत नाही. डॉक्टरांनी सांगितले तेवढीच गोळी घेणाऱ्या, डोस न वाढवणाऱ्या आजींच्या शरीरालाही तिची सवय लागते. हा औषधाचा गुणधर्म आहे, आजींच्या स्वभावाचा दोष नाही.

जबरदस्तीने बंद करण्याचा अनुभव

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ स्थिर डोसवर असलेल्या साडेतीन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या. संशोधकांची अपेक्षा होती की औषध बंद झालेल्यांना फायदा दिसेल. निघाले उलटे. औषध बंद झालेल्यांमध्ये पुढच्या वर्षभरात मृत्यूचा धोका, औषध सुरू राहिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे १.६ पट आढळला.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. हा नोंदींवरचा अभ्यास आहे. औषध बंद केल्यामुळेच मृत्यू झाले असे त्यातून सिद्ध होत नाही. काहींचे औषध ते आधीच जास्त आजारी असल्यामुळेही थांबवले गेले असेल. शिवाय कोणाचे औषध हळूहळू कमी केले आणि कोणाचे एकदम, हे अशा नोंदींतून नीट कळत नाही. तरीही 'बंद केले म्हणजे धोका टळला' हे गृहीतक त्याने डळमळीत केले.

२०२५ मध्ये अमेरिकेतील दहा वैद्यकीय संघटनांनी मिळून या गोळ्या कमी करण्याबाबत मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांचा सूर असा: शरीराला सवय लागलेल्या रुग्णाची गोळी अचानक बंद करू नये. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपातीचा विचार करावा. दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कपात शक्यतो करू नये. आणि वेग रुग्णाशी बोलून ठरवावा.

५ ते १० टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती?

समजा, एक गृहस्थ अल्प्राझोलमची ०.५ मिलिग्रॅमची गोळी सकाळी एक आणि रात्री एक घेतात. दिवसाचा डोस १ मिलिग्रॅम. त्याचे १० टक्के म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. पण नेहमी मिळणारी लहान गोळी ०.२५ ची. तिचा अर्धा तुकडा ०.१२५ चा. म्हणजे गोळी अर्धी करूनही पहिली कपात १२.५ टक्क्यांची होते. प्रत्येक वेळी एवढेच कमी केले तर आठ पायऱ्या लागतात, म्हणजे चार महिन्यांपासून सात-आठ महिन्यांपर्यंतचा काळ.

आता शेवट पाहा. हेच गृहस्थ दिवसाला ०.२५ वर पोहोचले. तोच अर्धा तुकडा कमी केला की कपात १२.५ नव्हे, थेट ५० टक्के होते. म्हणून 'आता काय, एवढीशी तर राहिली' म्हणत सोडणाऱ्यांना नेमका शेवटी त्रास होतो. शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान आणि सर्वांत सावकाश हव्यात. त्यासाठी डॉक्टर कधी हळू उतरणाऱ्या औषधावर बदल करून देतात, कधी दोन पायऱ्यांमधले अंतर वाढवतात. वयस्कर रुग्णांत हळू उतरणारे औषध शरीरात साठते, म्हणून हा बदल घरी करायचा नाही. 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलेली गोळी तोडायची नाही. आणि फिट येऊ नये म्हणून क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम सुरू असेल, तर तो विषय पूर्ण वेगळा आहे. ते औषध आपल्या मनाने कमी करूच नये.

वरचे गणित समजण्यासाठी आहे, स्वतःवर वापरण्यासाठी नाही.

कमी करताना त्रास झाला तर

डोस कमी केल्यावर आठवडाभर थोडी अस्वस्थता आणि एक-दोन वाईट रात्री येणे स्वाभाविक आहे. 'जुना आजार उलटला' असा निष्कर्ष लगेच काढू नका. त्रास कपातीनंतर काही दिवसांत सुरू झाला, त्यात मुंग्या, कंप, आवाज सहन न होणे अशी नवी लक्षणे असली आणि तो दिवसागणिक ओसरत गेला, तर तो बहुधा गोळी कमी केल्याचा असतो. जुनीच काळजी, जुन्याच रूपात, आठवड्यांनंतर वाढत गेली तर मूळ आजाराचा विचार करावा लागतो. हा फरक ओळखायला एक साधी वही पुरते: तारीख, डोस, झोपेचे तास आणि त्रासाला दहापैकी गुण.

त्रास जास्त असेल तर त्याच पायरीवर थांबता येते. थांबणे म्हणजे हरणे नव्हे. मात्र एक दिवस जास्त, एक दिवस कमी असे करू नका. डोस रोज ठरलेल्या वेळी आणि सारखा हवा.

झोपेसाठी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, दुपारची झोप टाळा, दुपारनंतर चहा-कॉफी नको. झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून थोडा वेळ शांत बसा. समुपदेशकाकडून विचार-वर्तन पद्धतीचे उपचार सोबत घेतल्यास गोळी सुटण्याची शक्यता वाढते. दारू मात्र अजिबात नको. ती मेंदूत याच जागी काम करते आणि गोळीसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो.

घरच्यांसाठी

रुग्णाला न सांगता गोळी बदलणे, लपवणे किंवा अर्धी करून देणे हे प्रेमापोटी केले जाते, पण त्यातून विश्वास तुटतो आणि भीती वाढते. 'मनाचे खेळ आहेत, जरा मन घट्ट कर' हे वाक्यही टाळा. त्याऐवजी गोळ्या मोजून ठेवा, त्या संपण्याआधी आठवडाभर चिठ्ठीची सोय करा आणि वाईट रात्री सोबत बसा. लग्न, परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा घरातले दुःख अशा काळात नवी कपात नको. रुग्ण वयस्कर असेल तर रात्री बाथरूमपर्यंत दिवा असू द्या. या गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा धोका असतो.

लगेच रुग्णालयात न्या

फिट आली, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, नसलेल्या गोष्टी दिसू-ऐकू लागल्या, किंवा 'जगायचे नाही' अशी भाषा आली, तर सकाळची वाट पाहू नका. जाताना गोळ्यांची स्ट्रिप सोबत घ्या आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. मनाची घालमेल असह्य झाली तर टेलि-मानसच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. खासगी तज्ज्ञ परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करा.

काय बदलायला हवे?

गोळी सुरू करतानाच ती कधी आणि कशी बंद करायची हे चिठ्ठीवर लिहिले जायला हवे. ही जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे, आणि ती आम्ही अनेकदा पार पाडत नाही. दुकानदाराने चिठ्ठी मागणे बरोबरच आहे. पण जुन्या रुग्णाला नुसते परत पाठवण्याऐवजी 'ही एकदम बंद करू नका, आजच डॉक्टरांना भेटा' एवढे सांगितले तरी एखादी फिट टळेल.

रुग्णांना नीट माहिती मिळाली तर ते काय करू शकतात, याचे उदाहरण कॅनडातील क्वेबेक प्रांतात आहे. तिथे ६५ वर्षांवरील ३०३ जणांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना या गोळ्यांची माहिती आणि त्या पायरीपायरीने कमी करण्याचा तक्ता असलेली पुस्तिका दिली. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी २७ टक्के जणांची गोळी पूर्ण सुटली होती. पुस्तिका न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ५ टक्के होते. वर्षानुवर्षांची सवय उतारवयातही सुटू शकते, हे त्यातून दिसते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: मला ही गोळी अजून लागते का? कमी करायची तर पहिली पायरी कोणती? आणि त्रास झाला तर तुम्हाला कसे कळवू? उत्तरे मिळेपर्यंत आजची गोळी आजच्या वेळी घ्या.