खुर्चीचा घसारा



दिवाळी जवळ आली की घरोघरी सोफा बदलायचा विषय निघतो. फोम दबलेला, रेक्झिन फाटलेलं. माझं मत सांगते. बसायची वस्तू घेताना गादी किती जाड आहे ते नंतर पाहा, आधी ती दुरुस्त होते का ते विचारा.

स्वीडनच्या ब्रुनो मात्सॉनने (१९०७–१९८८) हेच जन्मभर केलं. वॅर्नामो गावातल्या पिढीजात सुतारांच्या घरातला हा मुलगा वडिलांच्याच कारखान्यात शिकला. त्या काळी युरोपात आरामखुर्ची म्हणजे स्प्रिंगा आणि घोड्याचे केस भरलेली जड गादी. लाकडालाच शरीराचा बाक दिला तर गादी हवी कशाला, असा याचा विचार. १९३१ मध्ये त्याने गावच्या इस्पितळासाठी जाड पट्ट्या विणलेली खुर्ची केली. तिचं नाव 'नाकतोडा'. तिथल्या लोकांना ती इतकी कुरूप वाटली की थेट माळ्यावर गेली! तो मात्र थांबला नाही. पुढे 'इव्हा' आणि 'पर्निला' या त्याच्या खुर्च्या जगभर गाजल्या.

लाकडाचे पातळ थर चिकटवून वाकवलेली चौकट आणि त्यावर भांगेच्या झाडाच्या धाग्याच्या पट्ट्या. महायुद्धात धागा मिळेना तेव्हा कागदाच्या पट्ट्या. पट्टी झिजली की नवी विणायची, चौकट तीच. म्हणून त्या काळच्या खुर्च्यांवर लोक आजही बसतात.

आपली नवारीची खाट तरी वेगळं काय सांगते?

बी.कॉम.ला आपण घसारा शिकलो. सोफ्याचा फोम गेला की बहुधा सोफाच जातो, म्हणजे सगळी किंमत बुडाली. इथे घसारा फक्त पट्टीचा.

सगळंच गोड नाही. 'पर्निला' बरीच मागे रेललेली, गुडघे दुखणाऱ्या बाईला उठणं अवघड. 'इव्हा' त्यामानाने ताठ. काही खुर्च्यांवर चामडं किंवा मेंढीचं कातडं असतं, ते आपल्याला चालणार नाही. विणलेल्या पट्टीत मात्र प्राण्याचं काही नाही.

परिग्रहाचं परिमाण म्हणजे नुसत्या वस्तू मोजणं नाही. आहे ती वस्तू पुरवून वापरणं हाही त्याचाच भाग आहे. तेव्हा माळ्यावरची खाट किंवा वेताची खुर्ची भंगारात देण्याआधी एकदा विणणाऱ्याला दाखवा.