आजोबांच्या ट्रंकेतला रेझर पुन्हा वापरता येईल का? धार, पैसा आणि ब्लेडच्या कचऱ्याचा हिशोब

गंज चढलेला, साबणाचा थर बसलेला एक जुना रेझर. मग ब्रश, लिंबू, पॉलिश आणि तीस सेकंदांत तो आरशासारखा चकाचक. असा एखादा रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. खाली कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न असतो, "आमच्या घरी पण आहे असा. धार कुठे लावून मिळेल?"

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यातल्या जुन्या घरांमध्ये आजोबांची पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर असते. त्यात असा रेझर निघाला तर नवल नाही. तो वापरता येतो का? येतो. पण रीलमध्ये जे दाखवतात त्यातलं बरंच काही चुकीचं आहे, आणि जे सर्वात महत्त्वाचं आहे ते दाखवतच नाहीत. एकेक करून बघूया.

धार नेमकी कशाला लावायची?

इथेच पहिला गोंधळ आहे. वस्तरा आणि सेफ्टी रेझर या दोन वेगळ्या गोष्टी. वस्तऱ्याला स्वतःची धार असते. तो दगडावर घासायचा, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा आणि वर्षानुवर्षं वापरायचा. सेफ्टी रेझरला मात्र धारच नसते. तो फक्त ब्लेड पकडून ठेवणारा सांगाडा आहे. धार असते ब्लेडला, आणि ब्लेड बदलायचं असतं.

ही बदलायची कल्पना ज्याच्यामुळे जगभर पोचली तो अमेरिकेतला किंग कॅम्प जिलेट. त्याची कंपनी १९०१ मध्ये सुरू झाली आणि पेटंट १९०४ मध्ये मिळालं. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षात खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड! पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने तब्बल ३५ लाख रेझर घेतले आणि चित्र पालटलं. घरी परतलेल्या सैनिकांना रोज स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली होती.

याला एक अपवाद आहे. काही जुन्या सेफ्टी रेझरमध्ये जाड पातं असायचं आणि त्याला खरोखर धार लावावी लागायची. इंग्लंडमधल्या 'रोल्स रेझर'च्या धातूच्या डबीतच एका झाकणाला दगड आणि दुसऱ्याला चामड्याचा पट्टा असे. तुमच्या ट्रंकेत असं काही निघालं तर धारेचा प्रश्न बरोबर आहे. बाकी सगळ्यांसाठी उत्तर एकच, रेझर साफ करा आणि ब्लेड नवीन घ्या.

मग ग्लासवर ब्लेड घासायचे ते?

जुन्या लोकांकडून हे ऐकलं असेल. काचेच्या ग्लासच्या आतल्या बाजूला ब्लेड दाबून मागे-पुढे घासायचं, की आणखी दोन-तीन दाढ्या निघतात. हे अगदीच खोटं नव्हतं. धारेचं टोक वाकलं असेल तर घासल्याने ते थोडं सरळ होतं. पण धातूचा टवका उडाला असेल तर तो भरून येत नाही.

आणि टवका उडतोच. केस पोलादापेक्षा जवळपास ५० पट मऊ असतो, तरी ब्लेड बोथट का होतं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. धार हळूहळू झिजून गोल होते असा समज होता. प्रत्यक्षात केस ठरावीक कोनात वाकला की धारेवरच्या कमकुवत जागी सूक्ष्म टवके उडतात. शिवाय आजच्या ब्लेडच्या धारेवर पातळ लेप असतो. घासताना आधी तोच जातो.

गावात चाक घेऊन येणारा धारवाला किंवा पिढीजात शिकलगार इथे काही करू शकत नाही. विळा, कोयता, कात्री, वस्तरा हे त्यांचं काम. ब्लेडची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. चाकाला लावलं तर ते तापेल, वाकेल आणि बोटही कापेल.

रेझर साफ कसा करायचा?

आधी रेझर कशाचा आहे ते ओळखा. बरेच जुने रेझर पितळेचे आणि त्यावर निकेल किंवा क्रोमचा मुलामा असलेले असतात. स्वस्तातले काही जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. काहींची मूठ ॲल्युमिनियमची असते.

कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घ्या. रेझरचे भाग सुटे करून पंधरा-वीस मिनिटं भिजवा. जुन्या टूथब्रशने घासा. निम्म्याहून जास्त "गंज" हा खरं तर वाळलेला साबण असतो, तो इथेच निघतो. वरचं झाकण मूठ फिरवून उघडणारा रेझर असेल तर तो कोरडा करून खनिज तेलाचा एक थेंब सोडा.

रीलमधलं लिंबू, व्हिनेगर, ॲसिड टाळा. मुलामा आधीच पातळ झालेला असतो, आंबट पदार्थात तो उठतो. जस्ताच्या मिश्रधातूला तर खड्डे पडतात. ॲल्युमिनियमला सोडाही चालत नाही. ब्लीचमध्ये बुडवू नका. साफ झाल्यावर ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या.

मग नवीन ब्लेड लावून समोरून बघा. दोन्ही बाजूंनी ब्लेड सारखंच बाहेर आलं पाहिजे. एका बाजूला जास्त आलं, दात वाकलेले असले किंवा मुठीला तडा असला, तर तो रेझर शोभेला ठेवा, गालाला लावू नका.

पैसे खरंच वाचतात का?

आठवड्यातून दोन दाढ्या धरल्या तर वर्षाच्या झाल्या १०४. खालचे भाव फक्त हिशोबासाठी धरलेत, तुमच्या दुकानातले भाव टाकून बघा.

- दुधारी ब्लेड ३ रुपये, त्यात ५ दाढ्या: वर्षाला २१ ब्लेड, म्हणजे ६३ रुपये.
- साधं एकपाती कार्ट्रिज १० रुपये, त्यात ५ दाढ्या: २१० रुपये.
- अनेक पात्यांचं कार्ट्रिज १०० रुपये, त्यात १० दाढ्या: सुमारे १,०५० रुपये.

म्हणजे महागड्या कार्ट्रिजच्या तुलनेत बचत मोठी आहे, स्वस्तातल्याच्या तुलनेत मामुली. हा योगायोग नाही. जिलेटने २०१० मध्ये भारतात 'गार्ड' आणला तो १५ रुपयांना, आणि त्याचं कार्ट्रिज होतं ५ रुपयांना. दुधारी ब्लेड वापरणारं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवूनच तो बनवला होता.

त्यामागची गोष्ट आपल्याकडे लगेच पटेल. कंपनीने आधी भारतासाठी आणलेल्या एका रेझरची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती. त्यांच्याकडे वाहता नळ होता. इथे लोक मगभर पाण्यात दाढी करतात, त्यामुळे पात्यांमध्ये अडकलेले केस निघेनात. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, भीमाशंकर-आहुपेच्या डोंगरातल्या आदिवासी वाड्यांना उन्हाळ्यात पाणी किती जपून वापरावं लागतं हे वेगळं सांगायला नको. जुना रेझर इथे खरा कामाचा ठरतो. तो उघडतो आणि वाटीभर पाण्यात स्वच्छ होतो.

करांचं गणितही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीम आणि आफ्टरशेव्हवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. सलूनच्या सेवेवरही ५ टक्के झाला. रेझर आणि ब्लेड त्या यादीत आले नाहीत, ते १८ टक्क्यांवरच राहिले. गावातल्या छोट्या सलूनला याचा फरक पडत नाही, कारण २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा व्यवसायाला नोंदणीच लागत नाही.

आणि गावातला नाभिक?

वस्तरा हे एकेकाळी ताकदीचं हत्यार होतं. १८७५ च्या दख्खनच्या उठावाआधी आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यात नाभिकांनी सावकारांची हजामत करणं थांबवलं होतं. बलुतेदारीत दाढी हा गावाचा व्यवहार होता. सेफ्टी रेझरने तो घराच्या कोनाड्यात आणला. ज्यांना जातीमुळे गावात हजामत नाकारली जायची, त्यांच्यासाठी स्वतःच्या हातातला रेझर हा फक्त सोयीचा प्रश्न नव्हता.

सर्वात महत्त्वाचं, जे रीलमध्ये नसतं

दोन गोष्टी. पहिली, घरात सगळ्यांना मिळून एक ब्लेड चालणार नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो. ब्लेड ज्याचं त्याचं वेगळं ठेवा. सलूनमध्येही नवीन ब्लेड डोळ्यांसमोर लावायला सांगा, त्यात संकोच कसला?

दुसरी, वापरलेलं ब्लेड. जुना रेझर पर्यावरणाला चांगला असं म्हणतात, कारण प्लास्टिक फेकावं लागत नाही. हे खरं आहे. पण प्लास्टिकच्या कार्ट्रिजमधलं पातं झाकलेलं असतं, सुटं ब्लेड उघडं असतं. शहरात ते सफाई कर्मचाऱ्याच्या हातात घुसतं. गावात ते उकिरड्यावर जातं.

आणि आपला पट्टा दुधाचा आहे. गाय चारा खाताना धातू वेगळा काढत नाही, घाईने गिळते. गिळलेला अणकुचीदार तुकडा पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो आणि पुढे हृदयापर्यंत घुसू शकतो. उकिरड्याचं खत शेतात जातं, तेव्हा तेच ब्लेड खत पांगवणाऱ्या किंवा खुरपणी करणाऱ्या बाईच्या हाताची वाट बघत असतं.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या घनकचरा नियमांमध्ये कचऱ्याचे चार भाग केले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. नियम कागदावर चांगले आहेत, पण ब्लेडचं काम त्याआधी घरात होऊ शकतं. एक पत्र्याचा डबा घ्या. झाकणाला बारीक चीर पाडा, झाकण पक्कं बसवा. वापरलेली ब्लेड त्यात टाकत राहा. वर्षाची २१ ब्लेड म्हणजे डबा भरायला कित्येक वर्षं लागतील. भरला की चिकटपट्टीने बंद करून, वर 'ब्लेड' असं लिहून, भंगारवाल्याला सांगून द्या.

थोडक्यात, ट्रंकेतला रेझर जरूर बाहेर काढा. त्याला धार लावायच्या भानगडीत पडू नका. पण पहिलं ब्लेड विकत घ्यायच्या आधी तो पत्र्याचा डबा तयार करा.