गवंड्याला बढती कुठे आहे?

"कुशल कामगार मिळत नाहीत हो!" गृहबांधणीशी संबंधित कोणत्याही बैठकीत हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत ऐकू येते. ठेकेदार ते म्हणतात, विकासक म्हणतात, आणि आम्ही सरकारी अधिकारीही मान डोलावून तेच इतिवृत्तात लिहितो. त्यानंतर कारणमीमांसा सुरू होते. तरुणांना कष्ट नकोत, मनरेगाने आणि मोफत धान्याने मजूर आळशी झाला, सगळ्यांना मोबाईल हातात घेऊन सावलीत बसायचे आहे, वगैरे. 2025 च्या फेब्रुवारीत देशातील एका फार मोठ्या बांधकाम कंपनीच्या प्रमुखांनी कल्याणकारी योजनांमुळे मजूर कामाला येईनासे झाले, अशा आशयाचे जाहीर विधान केले, तेव्हा त्यात कुणाला फारसे वावगे वाटले नाही, कारण खासगीत सर्वांचे मत तेच होते.

माझ्या मते हे निदान साफ चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे याचा पुरावा सरकारनेच गोळा करून ठेवला आहे. जानेवारी 2024 मध्ये हरियाणातील रोहतक आणि उत्तर प्रदेशातील लखनौ येथे इस्राएलसाठी बांधकाम कामगारांची भरती झाली. हवे होते सेंट्रिंगवाले, सळया वाकवणारे, गिलावा करणारे आणि फरशी बसवणारे. महिन्याचे वेतन सुमारे 1 लाख 37 हजार रुपये. तिकडे युद्ध चालू होते, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही कडाक्याच्या थंडीत हजारो माणसे रांगेत उभी राहिली. 'आळशी' म्हणून आपण ज्यांची संभावना करतो तीच ही माणसे.

आता इकडचा हिशोब पाहू. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील बांधकामांसाठी 1 ऑक्टोबर 2024 पासून जे किमान वेतन लागू झाले, त्यात महानगरांच्या 'अ' वर्ग क्षेत्रात अकुशल मजुराला रोज 783 रुपये, अर्धकुशलाला 868, कुशलाला 954 आणि अतिकुशलाला 1,035 रुपये ठरले. म्हणजे तळाच्या पायरीपासून सर्वांत वरच्या पायरीपर्यंत अंतर 252 रुपयांचे, जेमतेम 32 टक्के. ओळंबा धरायला शिकण्यात, विटेचा सांधा साधण्यात, नकाशा वाचता येण्यात माणसाची आठ-दहा वर्षे जातात आणि त्याचे बक्षीस एवढेच. ही रक्कम किमान आहे, बाजारात चांगल्या मिस्त्रीला जास्त मिळते, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे. पण सरकार स्वतः कौशल्याची किंमत काय समजते हे या तक्त्यातून कळते, आणि ठेकेदाराच्या बोलीचा पाया हाच तक्ता असतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की शिकण्याचा मोबदला इतका कमी असेल तर शिकणारे कमी होतील. त्यासाठी आळशीपणाचा सिद्धान्त मांडण्याची गरज नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे दर पृथक्करण ज्यांनी चाळले असेल त्यांना त्यातील मनुष्यबळाची यादी आठवेल. प्रथम वर्ग गवंडी, द्वितीय वर्ग गवंडी, सुतार, बेलदार, कुली, आणि हो, भिश्ती. पखाल पाठीवर घेतलेला भिश्ती प्रत्यक्ष कामावरून केव्हाच नाहीसा झाला, पण कागदावर त्याने आपली जागा राखली आहे. त्या यादीत एक मनुष्य मात्र कधीच आला नाही, तो म्हणजे शिकाऊ उमेदवार. ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून 15 टक्के धरले जातात, कल्याण उपकराचा 1 टक्का धरला जातो, सिमेंटच्या गोणीची वाहतूक धरली जाते. शिकवण्याचा खर्च धरला जात नाही. जो खर्च अंदाजपत्रकात नाही तो न्यूनतम बोलीच्या स्पर्धेत करणारा ठेकेदार एकतर संत असतो किंवा लवकरच दिवाळखोर होतो.

बढतीचे विचाराल तर गंमतच आहे. याच विभागात कनिष्ठ अभियंता व्हायचे तर अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु वीस वर्षे उत्तम काम केलेल्या गवंड्याला त्या पदविकेपर्यंत पोचवणारा एखादा पूल आहे काय? रोजगार सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांतून, त्याच्या अनुभवाला काही श्रेयांक देऊन? लष्करात शिपायातून अधिकारी होण्याची वाट आहे. रेल्वेत खालच्या श्रेणीतून विभागीय परीक्षा देऊन वर जाता येते. बांधकामात बिगारीचा मिस्त्री होतो, मिस्त्रीचा फार तर मुकादम, आणि तिथे रस्ता संपतो. त्यापुढे त्याला पेटी-ठेकेदार होता येते, म्हणजे कारागिरी सोडून माणसे पुरवण्याचा धंदा करता येतो. उत्तम कारागिराला कारागिरी सोडल्याशिवाय वर चढता येत नाही, अशी ही रचना आहे.

स्त्रियांना तर पहिली पायरीही नाही. डोक्यावर घमेले घेऊन आलेली बाई त्याच घमेल्यासह म्हातारी होते, थापी तिच्या हाती सहसा कुणी देत नाही. झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानाच्या काळात शौचालयांसाठी गवंडी मिळेनात, तेव्हा बचत गटांतील स्त्रियांना प्रशिक्षण दिले गेले आणि 'रानी मिस्त्री' उभ्या राहिल्या. म्हणजे अडचण हाताची नव्हती, थापी देणाऱ्याची होती.

या सगळ्यावर आपले उत्तर काय, तर प्रमाणपत्र. पूर्वानुभवाला मान्यता देण्याच्या योजनेत थोडक्या काळाचे उद्बोधन होते, चाचणी होते आणि कागद मिळतो. त्या कागदाने दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्याची मजुरी वाढत नसेल तर तो कागद आमच्या उद्दिष्टपूर्तीसाठी आहे, त्याच्यासाठी नव्हे. याउलट ग्रामीण आवास योजनेतील गवंडी प्रशिक्षण मला अधिक पटते. 45 दिवस, प्रत्यक्ष घर बांधता बांधता, आणि शेवटी कुणाचे तरी खरे घर उभे. शहरांत, जिथे दहा-वीस मजली इमारती उभ्या राहतात, तिथे या तोडीचे काही नाही. शहरी गृहनिर्माणात 2021 मध्ये सहा शहरांत नव्या तंत्रज्ञानाचे 'लाइट हाऊस' प्रकल्प सुरू झाले, ते पाहायला 'टेक्नोग्राही' म्हणून विद्यार्थी, अध्यापक, अभियंते, वास्तुविशारद यांना आवाहन झाले. ज्याने ते पॅनेल बसवायचे त्याचे नाव या यादीत प्रथम यायला हवे होते.

पैसा नाही, असे कृपया कुणी म्हणू नये. 1996 च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर उपकर बसवला. 2018 च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा सुमारे 37,400 कोटी रुपये जमा झाले होते आणि त्यांपैकी सुमारे 9,500 कोटीच वापरले गेले होते. कामगारांच्या नावाने लॅपटॉप आणि धुलाई यंत्रे घेतल्याचीही चर्चा त्या प्रकरणात झाली. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून ते कायदे नव्या श्रम संहितांत सामावले गेले आहेत, उपकर 1 ते 2 टक्के या मर्यादेत कायम आहे. कायद्याचे नाव बदलले, तिजोरीच्या किल्लीची सवय बदलेल काय, हा प्रश्न आहे.

ठेकेदारांचा एक युक्तिवाद मात्र मी मान्य करतो. मी शिकवावे आणि शेजारच्या ठेकेदाराने पन्नास रुपये जास्त देऊन माणूस पळवावा, मग मी कशाला शिकवू? गॅरी बेकर यांनी 1964 मध्येच हे मांडले होते की जे कौशल्य कुठेही चालते त्याचा खर्च मालक उचलत नाही. म्हणूनच तो खर्च सर्वांकडून घेतलेल्या उपकरातून व्हावा. शिकाऊ काळात रोजंदारी बुडते. ती भरून देणारे विद्यावेतन उपकरातून मिळाले तर नाक्यावरचा बिगारी शिकायला येईल.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. केरळात वडकरा भागात वाग्भटानंदांच्या प्रेरणेने 1925 साली स्थापन झालेली ऊरालुंगल श्रमिक सहकारी संस्था शंभर वर्षांची झाली. तिथे कामगारच सभासद आहेत, त्यांच्यातूनच संचालक निवडले जातात, आणि रस्ते-पूल-इमारतींची मोठी कामे ती संस्था घेते. तिरुवनंतपुरमला विकास अध्ययन केंद्राची वास्तू ज्यांनी पाहिली असेल त्यांना लॉरी बेकर यांच्या विटांच्या जाळीदार भिंती आठवतील. त्या भिंती नकाशाइतक्याच गवंड्यांच्या हातांनी घडल्या. बेकर स्वतः कामावर उभे राहून त्यांच्याशी बोलत, त्यांना शिकवत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी नोएडात, बंगळुरूत किंवा निवृत्तीनंतरसाठी पुण्यात सदनिका घेतली आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे कारागिरीतील दोषही विकासकाने दूर करावेत अशी तरतूद केली आहे. कायद्याला कारागिरी ठाऊक आहे, कारागीर ठाऊक नाही. गळक्या न्हाणीघराबद्दल तक्रार करताना, ते जलरोधन कुणी केले आणि त्याला ते कुणी शिकवले होते, हे आपण विकासकाला विचारत नाही.

सरकारकडून अपेक्षा मोठी नाही. दर पृथक्करणात शिकाऊ उमेदवाराची एक ओळ घालावी, आणि निविदेत तिचे पैसे वेगळी बाब म्हणून, प्रत्यक्ष शिकवल्याचा पुरावा दिल्यावरच द्यावेत. म्हणजे बोली खाली आणण्यासाठी ती बाब कुणाला कापता येणार नाही. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानुसार 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन आहे, ते उपठेक्यांच्या साखळीत विरघळू न देता मुख्य ठेकेदाराकडून मोजून घ्यावे. कुशल आणि अकुशल यांच्या वेतनातील अंतर वाढवावे, अर्थात खालचे दर न घटवता. आणि सेवाप्रवेश नियमांत अनुभवी, प्रमाणित गवंड्यांसाठी पर्यवेक्षकाच्या काही जागा ठेवाव्यात. या चारपैकी शेवटच्या बाबीला तर एका अधिसूचनेपलीकडे काही लागत नाही. मसुदा तयार करायला एखादा अवर सचिव आणि दोन दुपारी पुरतील. अडेल ते शेऱ्यांच्या प्रवासात.