जीभ घसरते ती नेमकी खऱ्यावरच!

‘माझ्या विधानाचा विपर्यास करण्यात आला’ हे वाक्य आपल्याकडच्या नेत्यांना तोंडपाठ असते. पण हा काही केवळ आपल्या मातीतला माल नाही. जगातली बलाढ्य सरकारेही अडचणीत आली की हेच बोलतात, फक्त कडक इस्त्री करून. इराक युद्धाच्या काळात अशी जी सारवासारव झाली, ती एकत्र मांडून पाहिली तर आधी हसू येते आणि मग ते हसू विरून जाते.

ऑक्टोबर २००६. युद्ध सुरू होऊन साडेतीन वर्षे झाली होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील अधिकारी अल्बर्टो फर्नांडिस अल जझीरा वाहिनीवर बोलायला बसले. त्यांना अरबी उत्तम येत असे. इराकमध्ये अमेरिकेकडून उद्धटपणा आणि मूर्खपणा झाला, असे ते अरबीत बोलून गेले. जगभर बातमी झाली. खात्याचा पहिला खुलासा आला : भाषांतर चुकले आहे. पण मुलाखत कॅमेऱ्यापुढे झाली होती आणि अरबी समजणारी कोट्यवधी माणसे जगात आहेत. भाषांतर अचूक निघाले. मग फर्नांडिस यांचे निवेदन आले. मुलाखतीचा मजकूर वाचल्यावर आपण चुकीचे बोललो हे लक्षात आले, हे माझे मत नाही आणि खात्याचेही नाही, क्षमस्व. म्हणजे साहेबांचे मत काय नाही, हे साहेबांना स्वतःचेच बोलणे वाचून कळले!

महिनाही उलटला नाही तोच ब्रिटनची पाळी आली. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी विचारले, की इराकमधली मोहीम आतापर्यंत जवळजवळ अनर्थच ठरली आहे ना? ब्लेअर ‘ठरली आहे’ असे म्हणाले आणि लगेच त्याचा दोष अल कायदा व इराणच्या पाठिंब्यावरील गटांवर टाकू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयाने सांगितले, जीभ घसरली.

गंमत बघा. इराककडे महासंहारक शस्त्रे आहेत हे सांगताना यांपैकी कोणाचीही जीभ घसरली नव्हती. ते सगळे स्पष्ट, ठाम उच्चारात सांगितले गेले. शस्त्रे सापडलीच नाहीत. खोटे सांगताना जीभ शिस्तीत चालते, घसरते ती फक्त खऱ्यावर.

ज्यांनी शब्द मागे घेतले नाहीत, त्यांचे काय झाले? युद्धाआधी, सप्टेंबर २००२ मध्ये, बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी खर्चाचा अंदाज १०० ते २०० अब्ज डॉलर सांगितला. सरकारातल्याच लोकांनी तो फार फुगवलेला ठरवला आणि डिसेंबरात लिंडसे पदावरून गेले. प्रत्यक्षात खर्च ८०० अब्जांच्याही पुढे गेला. लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये सिनेटच्या समितीला सांगितले, की युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. हा अंदाज पार चुकीचा आहे, असे संरक्षण खात्याचे उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी जाहीर केले. पुढे इराक हाताबाहेर गेला तेव्हा अंदाज कोणाचा चुकला होता हे दिसलेच.

आणि बक्षीस कोणाला? डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान तिघांना मिळाला. जॉर्ज टेनेट, म्हणजे ज्यांच्या गुप्तचर खात्याने नसलेली शस्त्रे ‘शोधली’ ते. टॉमी फ्रँक्स, म्हणजे आक्रमणाचे सेनापती. आणि पॉल ब्रेमर, ज्यांनी इराकी सैन्य बरखास्त करून हजारो सशस्त्र तरुणांना रस्त्यावर आणले. खरे बोलला त्याला माफीनामा, चुकला त्याला पदक.

शब्दांच्या या कसरतीत आपणही होतो. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने या युद्धावर ठराव केला. विरोधकांना कडक निषेध हवा होता, सरकारला वॉशिंग्टन दुखवायचे नव्हते. तोडगा निघाला तो भाषेतून. हिंदीत ‘निंदा’ आणि इंग्रजीत त्याहून सौम्य ‘डिप्लोर’. देशातल्या जनतेला एक शब्द, अमेरिकेला दुसरा! तरी जुलैमध्ये भारताने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला, हेही नोंदवले पाहिजे.

मित्रांनो, प्रश्न एखाद्या अधिकाऱ्याच्या भित्रेपणाचा नाही. फर्नांडिस यांना नोकरी होती, घर होते. प्रश्न हा आहे, की खरे बोलणे ही चूक आणि ते मागे घेणे ही शिस्त मानणारी यंत्रणा युद्ध चालवते तेव्हा काय होते. इराकमध्ये एक लाखाहून अधिक सामान्य नागरिक आणि सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक मारले गेले. त्यांच्या बाबतीत कोणालाही काही मागे घेता आले नाही.

दुसरा रस्ता होता. ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी आक्रमणाच्या तीन दिवस आधी राजीनामा दिला आणि आपली कारणे संसदेत उभे राहून सांगितली. अमेरिकेचे राजनैतिक अधिकारी जॉन ब्रेडी कीसलिंग यांनीही युद्धाआधीच नोकरी सोडली. त्यांना नंतर कोणताही खुलासा करावा लागला नाही.

म्हणून यापुढे कोणत्याही सरकारचा खुलासा वाचाल, तेव्हा तीन गोष्टी तपासा. मूळ विधानातली नेमकी कोणती माहिती चूक होती, हे त्यात सांगितले आहे का? माफी कोणाकडे मागितली आहे, मेलेल्यांच्या घरच्यांकडे की वरिष्ठांकडे? आणि विधान मागे घेतल्यावर जमिनीवर काही बदलले का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर खुलासा बाजूला ठेवा आणि मूळ विधान जपून ठेवा. खरी बातमी त्यातच असते.