घरी राहिलेलं मत

खारदांड्यात घरकामाला येणाऱ्या कितीतरी जणींची नावं अजून गावच्याच मतदारयादीत आहेत. गावात दारूच्या दुकानावर महिलांचं मतदान लागलं, की त्या म्हणतात, "ताई, आम्ही इथं. एका मतानं काय होतंय?"

पण 'उभी बाटली, आडवी बाटली'चं गणित वेगळं! 2008च्या आदेशानुसार गावातलं दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे. यादीत हजारजणी, आल्या सहाशे, त्यातल्या साडेचारशेंनी बाटली आडवी केली, तरी दुकान चालूच. न आलेली प्रत्येकजण उभ्या बाटलीच्याच पारड्यात.

तेव्हा मैत्रिणींनो, दारूबंदीवर नुसत्या गप्पा नकोत. आपल्या मावशींना त्या दिवशी गावी जायला सुट्टी द्या. आणि हो, पगार कापू नका!